सहा महिन्यांची जात

“दीदी, छै महीना बाद मोर जात खतम हो जाही का?”

मुलीनं हसत विचारलं. प्रिंटरमधून निघालेला कागद तिच्या हातात होता, अजून कोमट. त्यावरची मुदतीची ओळ तिनं वाचली आणि तिला गंमत वाटली. सहा महिन्यांनी माझी जात संपणार का, दीदी? मीही हसले. रांगेत मागं उभा असलेला एक म्हातारा मात्र हसला नाही. “अइसन हो जातिस त बने होतिस, नोनी,” तो म्हणाला. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, पोरी.

रायपूरच्या एका तहसील कार्यालयासमोर गेली अठरा वर्षं माझं चॉइस सेंटर आहे. तुम्ही महाराष्ट्रात ज्याला सेतू केंद्र म्हणता, तेच. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र आणि भिंतीला टेकवलेलं बाक. जून-जुलैत, ॲडमिशनच्या दिवसांत, रांग शेजारच्या पानठेल्यापर्यंत जाते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला ही कामं झटपट होतात. वेळ खातो तो जातीचा दाखला.

आमच्याकडे हा दाखला दोन टप्प्यांत मिळतो. आधी अस्थायी. तो तहसीलच्या पातळीवर निघतो आणि सहा महिने चालतो. नंतर स्थायी, एसडीएमच्या म्हणजे तुमच्याकडच्या प्रांतसाहेबांच्या सहीचा. ‘अस्थायी जाति प्रमाण पत्र’ हे शब्द मी किती वेळा टाइप केले असतील, मोजलेलं नाही. मी बौद्ध आहे. दर पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात भंतेजी सांगतात की जे जे घडलं आहे ते ते मोडणारं आहे. अनित्य. आम्ही हात जोडून ऐकतो. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडते आणि लोकांची जात स्थायी करून द्यायच्या कामाला लागते.

जात स्थायी करायला काय लागतं? मुख्य म्हणजे ‘मिसल’. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना हा शब्द ऐकून भूक लागते. इथं मिसल म्हणजे इंग्रजी अमलातल्या जमीन बंदोबस्ताचे कागद, बहुतेक १९३० च्या आसपासचे. गावातला कुळवार तपशील त्यात असतो आणि नावापुढे जात लिहिलेली असते. त्या नावापासून स्वतःपर्यंतची वंशावळ पटवारी तपासून देतो. मिसल सापडली नाही तर शाळेचं जुनं दाखिल-खारिज रजिस्टर, तेही नसेल तर ग्रामसभेचा ठराव. आणि या सगळ्याच्या वर एक तारीख आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. राष्ट्रपतींच्या याद्या त्या दिवशी निघाल्या. त्या दिवशी तुमचं घराणं या भूमीत राहत होतं, हे दाखवायचं.

ती हसणारी मुलगी सतनामी होती. सतनामी हे नाव छत्तीसगडचंच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांनी सांगितलं की माणूस माणूस सारखा; मूर्ती नको, उच्चनीच नको. ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं होतं त्यांनी ते ऐकलं आणि जुनं नाव टाकून हे नवं घेतलं. सरकारी कागदात ते लिहिलं जावं म्हणून पुढं चळवळ करावी लागली, तेव्हा १९२६ साली मध्य प्रांताच्या सरकारनं ते मानलं. पण मिसल लिहिणाऱ्याच्या बोटांना जुनीच सवय होती. या मुलीच्या पणजोबाच्या नावापुढे तोच जुना शब्द आहे. ती तो उच्चारत नाही, नुसतं बोट ठेवून दाखवते. जो शब्द पुसण्यात तिच्या घराण्याच्या चार पिढ्या गेल्या, तोच सापडला म्हणून त्या दिवशी तिच्या वडिलांनी मला पेढा दिला.

माझ्या घराण्याची गोष्ट याच्या उलटी आहे. आमचं मूळ भंडारा जिल्ह्यातलं, तुमसरकडचं. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला गेले, दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या पुढ्यात बसून बौद्ध होऊन आले. देव्हाऱ्यातले देव त्यांनी वैनगंगेत सोडले. आजीनं सोडू दिले, पण ताम्हन ठेवून घेतलं. तांबं ते तांबं, असं तिचं म्हणणं. पुढं कितीतरी वर्षं ती त्यात पीठ काढायची.

आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती, हे मला फार उशिरा कळलं. भंडारा आणि रायपूर दोन्ही त्याच राज्यात होते. बरोबर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्रात. रायपूर भोपाळशी जोडलं गेलं आणि २००० साली छत्तीसगडचं झालं. आजोबांनी धर्म बदलला तो स्वतः ठरवून, पन्नास मैल चालत-लटकत जाऊन. राज्य मात्र घरात बसल्या बसल्या बदललं.

माझे वडील रेल्वेत फिटर म्हणून रायपूरला आले आणि वॅगन रिपेअर शॉपमधून रिटायर झाले. मी इथलीच. बी. कॉम. झाल्यावर दाखला काढायला गेले, तेव्हा एका कार्यालयातल्या बाबूनं अर्ज उलटसुलट केला आणि विचारलं, “सन पचास में आपके दादाजी कहाँ थे?” तुमसरला, म्हटलं. “मतलब महाराष्ट्र.” अर्ज परत आला. त्या तारखेला तुमसर आणि रायपूर एकाच राज्यात होते, असा वाद मी घालायला हवा होता. पण तेव्हा मला इतका इतिहास येत नव्हता. आता येतो, तर नोकरीचं वय गेलं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलात की मूळ राज्यातली सवलत नव्या राज्यात सोबत येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० चा निकाल आहे. तो मला आज तोंडपाठ आहे. समोर बसलेल्या विदर्भातल्या पोरांना मीच तो समजावून सांगते.

त्यातही एक गाठ आहे. १९९० पर्यंत बौद्ध झालेल्या माणसाला केंद्र सरकार अनुसूचित जातीत धरत नव्हतं. धर्म बदलला, आता जात कुठली? कायदा बदलला तो व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात. तोवर अनेकांनी केलं तेच वडिलांनीही केलं. सर्व्हिस बुकात हिंदू, घरात बौद्ध. “ऑफिसात एक, घरी एक,” ते म्हणायचे. “झोपेत कोण असतो, ते बुद्धाला माहीत.”

झोपेतल्या त्या माणसाचा उलगडा वडिलांनीच मला एकदा वर्कशॉपच्या भाषेत करून दिला होता. मी कॉलेजात होते. विहारात नागसेनाची कथा ऐकून आले होते. मिलिंद राजाला भिक्खू नागसेन विचारतो, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस? दांडी? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग हे सगळे भाग एकत्र आले की आपण त्याला व्यवहारापुरतं रथ म्हणतो, इथपर्यंत दोघं येतात. माणसाचंही तसंच, आत कायमचा ‘मी’ बसलेला नाही. मला हे पटलं नव्हतं.

वडील म्हणाले, वर्कशॉपात येऊन बघ. मालगाडीचा डबा ठरावीक वर्षांनी पूर्ण दुरुस्तीला येतो, त्याला ते पीओएच म्हणत. चाकं निघतात, दुसरी बसतात. स्प्रिंगा बदलतात. सडलेला तळ कापून नवा पत्रा जोडतात. बाहेर पडतो तेव्हा आलेल्या डब्यातलं त्याच्यात किती उरलेलं असतं, सांगता येत नाही. पण अंगावरचा नंबर तोच. शेजारी नवी तारीख रंगवतात, पुन्हा दुरुस्तीला कधी यायचं त्याची.

“मग नंबर खोटा का?” मी विचारलं.

“खोटा कसा? नंबर नसला तर माल चुकीच्या स्टेशनला जाईल. पण नंबर म्हणजे डबा नाही. आणि नंबर डब्यानं स्वतः लिहिलेला नसतो.”

पुढं जातीबद्दल मोठमोठी पुस्तकं वाचली, पण या बोलण्याच्या पलीकडे मला जाता आलेलं नाही.

१८ जुलै २०२३ ला दुकानात गर्दी होती. अचानक सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. विधानसभेचं पावसाळी अधिवेशन त्या दिवशी सुरू झालं होतं, आणि विधानसभेच्या रस्त्यावर अनुसूचित जाती-जमातींचे तरुण अंगावर सूत न ठेवता, हातात फलक घेऊन धावत होते. त्यांचं म्हणणं होतं की खोट्या जात-दाखल्यांवर लोक सरकारी नोकऱ्या करतायत, चौकशी होऊनही कारवाई होत नाही. २६७ प्रकरणांचा आकडा ते सांगत होते. पोलिसांनी त्यांना धरून नेलं.

माझ्या बाकावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. एक म्हणाली, लाज नाही. मी काही बोलले नाही. व्हिडिओ पुन्हा पाहिला. त्या धावणाऱ्या मुलांमध्ये कोण सतनामी, कोण गोंड, कोण आणखी कोण, मला ओळखता येईना. कुणालाच आलं नसतं. कपडे उतरवल्यावर अंगावर जात कुठंच नव्हती. ती होती फक्त हातातल्या फलकावर. ज्या कागदासाठी हे चाललं होतं, तो तर माझ्या प्रिंटरमधून निघतो.

त्याच पावसाळ्यात संसदेत आमच्या राज्याबद्दलचं एक विधेयक मंजूर झालं. छत्तीसगडच्या यादीत मेहरा, महार, मेहर ही नावं आहेत. त्यांच्या जोडीला ‘महारा’ आणि ‘महरा’ ही रूपं घातली गेली. बस्तरकडच्या लोकांच्या कागदात असं लिहिलेलं होतं आणि यादीत तसं नव्हतं, म्हणून त्यांचे अर्ज वर्षानुवर्षं अडत होते. इथल्या कचेऱ्यांत याला ‘मात्रात्मक त्रुटि’ म्हणतात. अनुसूचित जमातींच्या यादीतही त्याच सुमाराला अशाच अडकलेल्या समूहांना वाट मिळाली. भुईंया, भुइयाँ, भूयाँ अशी एकाच नावाची वेगवेगळी रूपं त्यात आहेत. कुणा कारकुनानं कधीतरी कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं, आणि नातवंडं त्या एका मात्रेपायी मोलमजुरीला लागली. आमच्या नावात तर मात्रेचीही चूक नाही. त्यांना काना नडला, आम्हाला तारीख.

तुम्ही महाराष्ट्रातले वाचक हसू नका. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी अंतरवाली सराटीत मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला तिथं लाठीमार झाला, आणि मग न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठवाड्यातल्या जुन्या दप्तरांत ‘कुणबी’ शब्द शोधायला लागली. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. माझी एक मावसबहीण संभाजीनगरला असते, तिच्या शेजारणीनं फोनवर सांगितलं, “आमची नोंद सापडली!” सापडलेल्या मुलाबद्दल बोलावं तसं. मला माझ्या बाकाची आठवण झाली.

आंदोलनात माणूस आपली ओळख डोक्यावर घेऊन उभा राहतो. आणि धम्म सांगतो, ही ओळख टिकणारी नाही. मग आम्ही बौद्धांनी मोर्चात जावं की जाऊ नये? हा प्रश्न मला एका मराठी गृहस्थांनी विचारला होता. त्यांचं घराणं बिंबाजी भोसल्यांबरोबर १७५८ च्या सुमाराला छत्तीसगडात आलेलं. दिवाणखान्यात चौदा पिढ्यांची वंशावळ सोनेरी चौकटीत लावलेली. तिच्याखाली बसून, मला चहा देत ते म्हणाले, “ताई, आता कुठं राहिली जात? आणि तुमचा बुद्धच सांगतो ना, सगळं अनित्य आहे. मग हे निळे झेंडे कशाला?”

मी चहा संपवला. त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, काका, तुमची चौकट फार छान आहे. घरी येईपर्यंत मात्र उत्तर जमलं होतं. अनित्यता ज्याला पेलवत नाही, तोच ती दुसऱ्याला सांगायला जातो.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी त्यांनी भाषण लिहिलं. मंडळाला ते झेपलं नाही, अधिवेशन रद्द झालं, आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. तेच ‘जातिनिर्मूलन’. त्याच्या शेवटाकडे ते हिंदू समाजापुढे एक गोष्ट ठेवतात की काहीच स्थिर नाही, काहीच सनातन नाही, बदल हाच व्यक्तीचा आणि समाजाचा नियम आहे. दीक्षेच्या वीस वर्षं आधीची ही गोष्ट. म्हणजे त्यांनी अनित्यता वापरली ती दुःखात समजूत घालायला नाही. तुम्ही ज्याला सनातन म्हणता ते मोडता येतं, हे सिद्ध करायला वापरली. पुढं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये त्यांनी अनित्यतेची फोड केली: घटकांनी बनलेल्या वस्तू अनित्य, व्यक्ती अनित्य, परिस्थितीनं घडलेल्या गोष्टींचा स्वभावही अनित्य. जात ही परिस्थितीनं घडलेलीच गोष्ट. सगळं नित्य असतं तर मोर्चा काढून काय उपयोग होता?

‘जातिनिर्मूलन’ मध्येच त्यांनी वंशाचा मुद्दाही निकालात काढला आहे. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया एकाच वंशाचे. तेव्हा रक्त वेगळं म्हणून जात वेगळी, हे खरं नाही. तरीही अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्याशी आपलं नातं आहे, हे ते जाणून होते. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती मागवली, आणि ड्यूबॉइस यांचं उत्तरही आलं. १९७२ ला मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीनं संघटनेला नाव दिलं दलित पँथर, ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरूनच.

२०२० च्या मेमध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉईडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा होता, ते आम्ही लॉकडाऊनमध्ये घरात बसून पाहिलं. माझा भाचा म्हणाला, “मावशी, त्यांच्याकडे दाखला लागत नाही.” खरंच. तिथं कातडी दिसते आणि दिसल्याबरोबर माणूस मारला जातो. आमच्याकडे जात दिसत नाही, म्हणून आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग वस्ती. सरकारला तीच भरपाई करायची असते तेव्हा ते मिसल विचारतं. जी गोष्ट कुणाच्या अंगावर नाही, ती शोधायला एवढी दप्तरं उघडावी लागतात.

जातीच्या नावानं दुखावणं मात्र खरं असतं. १५ मे २०२४ च्या सुमाराला गिरौदपुरीजवळच्या अमर गुफेतला जैतखाम कुणीतरी तोडला. जैतखाम म्हणजे सतनाम्यांचा पांढरा स्तंभ, वर पांढरा झेंडा. चौकशीवर लोकांचा विश्वास बसला नाही. १० जूनला बलौदाबाजारला मोठा जमाव जमला आणि संध्याकाळपर्यंत संयुक्त जिल्हा कार्यालय पेटलेलं होतं, आवारातल्या गाड्यांचे सांगाडे झाले होते. त्या आठवड्यात माझ्याकडे आलेला प्रत्येक जण आधी दुःख सांगायचा, मग आवाज खाली करून विचारायचा, “दीदी, हमर फाइल बाँचिस का?” आमची फाइल वाचली का? संताप ज्या ओळखीचा होता, तिचेच कागद त्या इमारतींत ठेवलेले असतात. आग लावणाऱ्याचं मी समर्थन करत नाही. नंतर शेकडो पोरं पकडली गेली तेव्हा त्यांच्या आया तारखा विचारायला माझ्याच बाकावर येऊन बसत.

जैतखामाबद्दल एक गोष्ट मला त्या मुलीच्या वडिलांनी सांगितली. वरच्या झेंड्याला ‘पालो’ म्हणतात. ऊन-पावसात तो विरतो, फाटतो. दरवर्षी १८ डिसेंबरला, गुरू घासीदास जयंतीला, जुना उतरवून नवा चढवतात. जुना राहावा असा हट्ट कुणी धरत नाही. पण एखाद्या वर्षी नवा चढला नाही, तर गाव रात्रभर झोपत नाही.

पूर्वी रायपुरात धरणं धरायची जागा बूढा तालाबाजवळ होती. सरकारदरबारी त्याचं नाव विवेकानंद सरोवर; गोंड त्याला बूढादेवाचा तलाव म्हणतात; माझी आई मरेपर्यंत ‘बुद्ध तलाव’ म्हणत राहिली आणि कुणी दुरुस्ती केली तर रागवायची. आता धरण्याची जागा नवा रायपूरला तूता गावी नेली आहे, शहराच्या कानापासून लांब. तरी लोक जातात. भाड्याचा मंडप घालतात, सतरंज्या नेतात, संध्याकाळी मंडप सोडून परत येतात. मीही जाते, निळा दुपट्टा घेऊन. घरी आल्यावर तो धुऊन वाळत घालते.

ती मुलगी या वर्षी पुन्हा आली. स्थायी दाखला झाला होता, नर्सिंगला नंबर लागला होता. कागद तिनं छातीशी धरला होता. “दीदी, येला लेमिनेशन करवा देवँ का? खराब झन होवय.”

मी तिला म्हटलं, लॅमिनेशन करू नकोस. प्लास्टिकमध्ये बंद केला की त्यावर शिक्का मारता येत नाही, पडताळणीला अडचण होते. पाच झेरॉक्स काढ, मूळ कागद फाइलमध्ये सुटा ठेव.

“अउ फाट जाही त?” फाटला तर?

“काम झाल्यावर फाटला तर फाटू दे,” मी म्हटलं, आणि पुढच्या माणसाला अंगठा लावायला सांगितलं.